यंत्र फोटो पाहील. दवाखान्याची पायरी आपणच चढायची



आपल्या या पत्रिकेत आपण ऊस लागण, खोडवा, माती परीक्षण, ठिबक, पुरवणी हप्ता अशा विषयांवर नेहमी वाचत असता. आजचा विषय त्याहून वेगळा आहे. तो बायांच्या दुखण्याचा आहे आणि घरात चार माणसांत सहसा बोलला जात नाही असा आहे. "असला विषय आपल्या पत्रिकेत कशाला?" असे काही वडीलधारे म्हणतील. त्यांना हात जोडून सांगतो, की न बोलण्यापायी काय किंमत मोजावी लागते ते मी माझ्याच घरात पाहिले आहे. म्हणून लिहायला बसलो.

माझी धाकटी काकी बावन्न वर्षांची होती. पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. एका हंगामात आडसाली उसाची तोड चालू असताना तिच्या अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले. तिने फक्त जावेच्या कानावर घातले. "परत पाळी आली असंल, उष्णता झाली असंल," असे दोघींनी ठरवून टाकले. फडात टोळी, गोठ्यात जनावरे, घरी पाहुण्यांची ये-जा. "एवढी तोड होऊ दे, मग बघू." तोड झाली, खोडव्याची भरणी आली, मग लेकीचे बाळंतपण आले. पुढच्या हंगामात कंबर धरली, पाय सुजले, तेव्हा दवाखाना दिसला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आहे आणि तो बाहेर पसरला आहे. त्यानंतर काकी वर्षभरही राहिली नाही.

आमचे काका बांधावरून चालता चालता कोणत्या सरीत काणी लागली ते सांगतात. दहाव्याच्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "पानावर ठिपका दिसला की मी त्याच दिवशी शेतकी ऑफिस गाठतो. घरातलं मात्र कुणी मला सांगितलं न्हाई, आन् मी इचारलं न्हाई."

या रोगाचे वैशिष्ट्य असे, की तो वेळेवर दिसला तर बहुतेक वेळा थांबवता येतो. तो दिसावा म्हणून आता फोटो पाहून रोगाची खूण ओळखणारी यंत्रेही तयार होऊ लागली आहेत. ही यंत्रे काय करतात, काय करू शकत नाहीत आणि आपण कशाची वाट पाहायची व कशाची नाही, याची माहिती आज घेऊ.

रोग कसा वाढतो

गर्भपिशवीचे तोंड योनीमार्गात उघडते. त्याला गर्भाशयमुख म्हणतात. तिथला कर्करोग जवळजवळ नेहमी एका विषाणूमुळे होतो. त्याचे नाव ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. या विषाणूचा आणि या कर्करोगाचा संबंध शोधून काढल्याबद्दल जर्मनीचे डॉ. हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ या क्रमांकांचे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रोगाला कारण होतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. पण एवढ्यावरून कोणी कोणाकडे बोट दाखवू नये. संसारी स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना तो आयुष्यात केव्हातरी होऊन जातो. सर्दीसारखा येतो आणि बहुतेकांच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या बायांच्या अंगात तो ठाण मांडून बसतो. तिथल्या पेशी हळूहळू बिघडतात आणि त्यातून पुढे कर्करोग उभा राहतो. याला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. अंगातली प्रतिकारशक्ती फार कमी झाली असेल तर त्याहून कमी.

पंधरा वर्षे! बेणे लावल्यापासून गाळपापर्यंत आडसाली उसाला दीड वर्ष लागते, त्याच्या दसपट मुदत हा रोग आपल्याला देतो. त्या मुदतीत एकदा-दोनदा जरी कोणी नीट पाहिले तरी बिघडलेला भाग तिथल्या तिथे जाळून किंवा काढून टाकता येतो. तरीही २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या. कारण उघड आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारले, की ही तपासणी कधी करून घेतली आहे काय? शंभरातल्या दोघींनीही 'होय' म्हटले नाही.

आपल्याच भागातल्या बायांनी जगाला दिलेला पुरावा

हा रोग शोधायचे तीन मार्ग आहेत. पहिला पॅप चाचणीचा. यात गर्भाशयमुखावरच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसरा मार्ग स्वस्त आणि सोपा. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ताकदीचे ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचे पाणी लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि उजेडात पाहायचे. पेशी बिघडलेल्या असतील तिथे पांढरा डाग उठतो. तिसरा मार्ग विषाणूच आहे की नाही हे प्रयोगशाळेत तपासण्याचा.

या तिन्हींत कोणता मार्ग खेड्यातल्या बाईचा जीव वाचवतो, याचा पुरावा जगाला कोठून मिळाला हे वाचून आपल्याला अभिमान वाटेल आणि थोडे वाईटही वाटेल. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे त्याच भागात, त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बाया, गावांचे ५२ गट. डॉ. शंकरनारायणन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली त्याचा निकाल प्रसिद्ध केला.

आयुष्यात एकदाच विषाणूची चाचणी ज्या गटाला देऊ केली, त्या ३४ हजार बायांच्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटात नेहमीची व्यवस्था तशीच ठेवली, त्या ३१ हजार बायांच्या गटात ६४ मृत्यू झाले. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एका गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे टीकाही झाली, आणि ती विसरून चालणार नाही. त्या ६४ जणी आपल्यासारख्याच घरांतल्या होत्या. आज जागतिक आरोग्य संघटना साऱ्या देशांना विषाणूची चाचणी आधी करा असे सांगते, त्यामागे आपल्या भागातल्या या बायांचा मोठा वाटा आहे.

अडचण डोळ्याची

त्याच अभ्यासात एक गोष्ट निदर्शनास आली. ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने तिथे मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. उलट मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनेच १९९८ साली सुरू केलेल्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना शिकवून हीच पद्धत वापरली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तो निकाल २०१३ साली जाहीर झाला. पद्धत एकच, पण मुंबईत ती दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली आणि पाहणाऱ्यांवर सतत देखरेख ठेवली.

यातून समजते ते असे, की डोळ्यांनी पाहण्याची पद्धत पाहणाऱ्याच्या डोळ्यावर फार अवलंबून आहे. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पानाखाली पांढरे दिसले म्हणजे लोकरी मावाच असे नाही. पिठ्या ढेकूणही पांढराच. कसलेला माणूस एका नजरेत ओळखतो, नवखा चुकतो. तद्वत गर्भाशयमुखावर साधी सूज असली किंवा पेशींचा नैसर्गिक बदल चालू असला तरी पांढरट दिसते. एक नर्स म्हणते डाग आहे, दुसरी म्हणते नाही. दिवसभरात चाळीस बाया तपासल्यावर डोळा थकतो तो वेगळाच. गावोगाव तज्ज्ञ डॉक्टर बसवणे शक्य नाही. म्हणून संशोधकांच्या मनात आले, की हे पाहण्याचे काम यंत्राला शिकवता येईल काय?

यंत्र शिकते म्हणजे काय

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आपल्या सभासदांना आता अनोळखी नाही. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टमध्ये उसावर तिचे प्रयोग झाले, ते आपल्यापैकी अनेकांनी जाऊन पाहिले आहेत. तिचे मर्म आपल्या शेतकी खात्याच्या उदाहरणाने सांगतो.

समजा, नवा चिटबॉय कामावर घेतला. त्याला पुस्तकातली व्याख्या सांगून काणी कळत नाही. त्याला फडात नेऊन हजार बेटे दाखवावी लागतात. "हे बघ, ही काणी. ही गवताळ वाढ. हे काही नाही, नुसता पाण्याचा ताण आहे." आधी तो चुकतो. प्रत्येक चुकीला आपण टोकतो. हळूहळू त्याची नजर बसते. कशावरून ओळखलेस असे विचारले तर त्याला धड सांगताही येत नाही, पण ओळखतो बरोबर.

संगणकालाही असेच शिकवतात. हजारो फोटो आणि प्रत्येकाबरोबर खरे उत्तर: या बाईला पुढे रोग निघाला, हिला निघाला नाही. संगणक अंदाज करतो, चुकतो, आणि प्रत्येक चुकीनंतर आपल्या आतल्या हजारो-लाखो आकड्यांत बारीक दुरुस्ती करतो. पुरेसे फोटो पाहून झाले की त्याला कधीच न दाखवलेले फोटो देऊन परीक्षा घेतात. या शिकण्यालाच मशीन लर्निंग म्हणतात. चिटबॉय आणि यंत्र यांत फरक एवढाच, की यंत्र थकत नाही आणि एकदा शिकले की त्याची नक्कल हजार दवाखान्यांत एकाच दिवशी पोचवता येते.

काचपट्टी पाहणारी यंत्रे तशी जुनीच. पॅप चाचणीच्या पट्ट्या पुन्हा तपासण्यासाठी याच जातीच्या एका यंत्राला अमेरिकेत १९९५ साली परवानगी मिळाली होती. अलीकडे, २०२१ साली, केनियातल्या एका ग्रामीण दवाखान्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे ७४० बायांच्या पट्ट्यांचे छोट्या यंत्रावर फोटो काढले, ते मोबाईलच्या जाळ्यावरून दूर पाठवले आणि संगणकाने गंभीर बिघाड चांगले हुडकले. पण पट्टी करायची म्हणजे रंग, प्रयोगशाळा, माणसे आली. सरळ गर्भाशयमुखाचाच फोटो काढता आला तर काम किती सोपे होईल!

ऊस पिकवणाऱ्या ग्वानाकास्तेतले फोटो

मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा छोटा देश आहे. त्याच्या वायव्येला ग्वानाकास्ते नावाचा प्रांत आहे. उन्हाचा, गुराढोरांचा आणि उसाचा. त्या देशातला निम्म्याहून अधिक ऊस याच भागात होतो, म्हणजे तिथलेही लोक आपल्यासारखे फड आणि गाळप ओळखतात. १९९३ सालापासून तिथल्या गावांतील हजारो बायांची अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पाहणी केली. ॲसिड लावून गर्भाशयमुखाचे फोटो साध्या फिल्मवर काढले आणि सात वर्षांपर्यंत त्या बायांची पुन्हा पुन्हा तपासणी करून कोणाला रोग झाला हे नोंदवून ठेवले.

ते फोटो पुढे संगणकात भरले. डॉ. मार्क शिफमन आणि सहकाऱ्यांनी ९,४०६ बायांच्या त्या फोटोंवर यंत्र शिकवले आणि २०१९ साली निकाल जाहीर केला. तो सोप्या भाषेत असा. बिघाड असलेल्या एका बाईचा आणि नसलेल्या एकीचा फोटो शेजारी ठेवून "जास्त धोका कोणाला?" असे विचारले, तर शंभरपैकी ९१ वेळा यंत्राचे उत्तर बरोबर यावे. तेच फोटो त्या काळी तज्ज्ञांनी पाहिले होते. त्यांचे उत्तर त्याच मापाने ६९ वेळा बरोबर होते. पॅप चाचणीचे ७१ वेळा. जगभर वर्तमानपत्रांतून याचा गाजावाजा झाला. आता मोबाईल फोन घ्यायचा, फोटो काढायचा आणि काम फत्ते, असे लोकांना वाटू लागले.

जमीन बदलली की पीक बदलते

तसे झाले नाही, आणि यात आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. भारी काळ्या जमिनीत को ८६०३२ ने विक्रमी उतारा दिला म्हणून चोपण जमिनीत तो तसाच येईल असे कोणी म्हणत नाही. ग्वानाकास्तेचे फोटो एका विशिष्ट जुन्या कॅमेऱ्याचे होते. त्यावर शिकलेल्या यंत्रापुढे नव्या फोनचे फोटो ठेवले तेव्हा त्याची नजर चळली. उजेड वेगळा, रंग वेगळा, भिंग वेगळे. इतकेच नव्हे, तर एकाच बाईचे पाठोपाठ काढलेले दोन फोटो दिले तर एकाला 'ठीक' आणि दुसऱ्याला 'बिघाड' असे उत्तर येण्याचा धोका दिसला.

या संशोधकांनी हा दोष लपवला नाही, हे महत्त्वाचे. त्यांनी पुन्हा बसून यंत्र शिकवले. फक्त 'होय' की 'नाही' असे न विचारता मध्ये 'संशयित' असा तिसरा वर्ग ठेवला. वेगवेगळ्या देशांतील आणि वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे फोटो वापरले. मुख्य म्हणजे एकट्या फोटोवर भरवसा टाकणे सोडले. आधी विषाणूची चाचणी करायची, विषाणू सापडलेल्या बायांचाच फोटो काढायचा, आणि विषाणूचा प्रकार व फोटो हे दोन्ही पाहून उपचार ठरवायचा, अशी पद्धत बसवली. नायजेरिया, मलावी, टांझानिया, कंबोडिया, होंडुरास अशा देशांत तिचा अभ्यास हाती घेतला गेला. आपल्याकडे पुण्याच्या पेरिविंकल टेक्नॉलॉजीज या कंपनीनेही गर्भाशयमुखाचे फोटो काढून पाहण्यासाठी हातात धरायचे उपकरण तयार केले आहे.

एक मर्यादा मात्र कोणत्याही कॅमेऱ्याला ओलांडता येत नाही. वय वाढले, पाळी गेली, की ज्या जागी रोग सुरू होतो ती जागा आत सरकते. फोटोत ती येतच नाही. जे फोटोत नाही ते यंत्राला कसे दिसणार? आमच्या काकीच्या वयात नुसता फोटो पुरला नसता. तिथे विषाणूची चाचणी किंवा डॉक्टरांची आतून तपासणीच हवी. आणि अंगावरून लाल जाणाऱ्या बाईला चाळणी तपासणीच्या रांगेत न बसवता सरळ डॉक्टरकडे न्यायला हवे.

चुकीच्या डागाची किंमत

आता जी गोष्ट लिहायची ती आपल्या कारखानदारीच्या अंगणातली आहे.

हिशोबासाठी समजा, हजार बायांचे फोटो काढले आणि त्यांतल्या दहा जणींना खरा बिघाड आहे. यंत्र बरेच चांगले आहे. त्याने दहापैकी नऊ हुडकल्या. पण बाकीच्या ९९० जणींपैकी दर दहांत एकीला चुकून 'बिघाड' म्हटले. म्हणजे ९९ जणी झाल्या. एकूण १०८ बायांच्या हातात 'संशय आहे' अशी चिठ्ठी पडली आणि त्यांतल्या नऊच खऱ्या. जिथे पुढची तपासणी नीट होते तिथे उरलेल्या ९९ जणी चार दिवस काळजी करून हसतमुखाने घरी येतील. जिथे होत नाही तिथे काय होईल?

याचे उत्तर आपल्याला बीड जिल्ह्याने दिले आहे. आपल्या फडात कोयता चालवायला येणाऱ्या बायांची 'पिशवी' काढल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहांमागे एक! देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते म्हणून बाई जाते आणि "काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल" असे ऐकून, उचल घेऊन, पिशवी काढून येते, असे अनेकींनी सांगितले.

आमच्या शेतात दरसाल येणाऱ्या टोळीत अशी एक बाई आहे. वय पस्तिसच्या आत. मी विचारले, "तुझी काही तपासणी केली होती का? काही तुकडा काढून पाठवला होता?" ती म्हणाली, "न्हाई दादा. सोनोग्राफी केली आन् म्हनले गाठ होईल. खाडा पडला की दंड बसतो. म्हनलं, एकदाची कटकट जाऊ दे." आता तिची कंबर मोळी उचलू देत नाही आणि उचल मात्र फिटलेली नाही.

म्हणून हे पक्के ध्यानात ठेवावे. डाग म्हणजे कर्करोग नव्हे. यंत्राचे 'संशयित' म्हणजेही कर्करोग नव्हे. संशय आला तर कॉल्पोस्कोप नावाच्या दुर्बिणीतून पाहतात, गरज वाटल्यास छोटा तुकडा तपासतात. कर्करोगाआधीचा बिघाड असेल तर बहुतेक वेळा तेवढाच भाग गरम सळीने शेकून, गोठवून किंवा तारेने काढून टाकतात. शेकण्याचे काम काही मिनिटांचे आहे. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. कोणी तपासणीशिवाय पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातले, मत घेतल्याशिवाय सही करू नये.

यंत्राचा फायदा मोठा होऊ शकतो यात शंका नाही. पण ज्या गावात पुढच्या उपचाराची सोय नाही तिथे असे यंत्र गेले तर ते भीती वाटत फिरेल, आणि भीतीचा व्यापार करणारे आपल्या भागात आहेत. तसेच फोटो हा बाईच्या अब्रूचा प्रश्न आहे. त्यावर नाव किंवा चेहरा नसावा. तो कोणाकडे जाणार, किती दिवस राहणार हे तिला तिच्या भाषेत सांगून तिची संमती घ्यावी. कोणाच्या खाजगी फोनमध्ये तो राहता कामा नये. आपल्या भागात असे शिबिर कोणी घेऊन आले तर हे प्रश्न आपण सभासदांनी उठून विचारले पाहिजेत.

आपल्या हातात काय आहे

यंत्र येईल तेव्हा येईल. त्याच्या वाटेला डोळे लावून बसण्याचे कारण नाही. आज जे आहे ते असे:

१) ३० ते ६५ वयाच्या बायांनी दर पाच वर्षांनी ॲसिड लावून तपासणी करून घ्यावी, असे केंद्र शासनाने २०१६ साली ठरवून दिलेले आहे. गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते.

२) विषाणूची चाचणी मिळत असेल तर ती अधिक खात्रीची. ३० नंतर दर पाच ते दहा वर्षांनी केली तरी पुरते. यासाठी बाई आपला नमुना आडोशाला स्वतःच घेऊ शकते. ज्यांना लाज वाटते त्यांच्यासाठी ही मोठीच सोय. क्षयरोगासाठी अनेक सरकारी दवाखान्यांत पोचलेल्या ट्रूनॅट या गोव्यात बनलेल्या यंत्रावरही ही चाचणी करता येते.

३) पाळी गेल्यावर रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तर वय, हंगाम, तोड न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

४) ९ ते १४ वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करायचीच.

५) ऊसतोड टोळ्यांतील बाया वर्षातले सहा महिने गावाबाहेर असतात. त्यांच्या गावी शिबिर होते तेव्हा त्या आपल्या फडात आणि आपल्या फडाशेजारी शिबिर होते तेव्हा त्या तोडीवर. सबब गाळप चालू असताना तळावरच तपासणी व्हावी, त्या दिवसाचा खाडा धरू नये आणि तपासणीची चिठ्ठी त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचावी, अशी मागणी वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडण्याचा प्रस्तुत लेखकाचा विचार आहे. आपण अनुमोदन द्याल अशी आशा आहे. त्यांच्या कष्टावर आपला काटा भरतो, एवढे तरी आपण त्यांचे लागतो.

शेवटी पुरुष सभासदांना एक विनंती. यंत्र कितीही शहाणे झाले तरी ते आपल्या माजघरात येऊन "तुला काही होतंय का?" असे विचारणार नाही. ते आपणच विचारायचे आहे. काकी गेल्यानंतरच्या हंगामात आमच्या काकांनी दोन्ही सुनांना आणि माझ्या आईला स्वतः जीपमध्ये बसवून तपासणीला नेले. आई वाटभर पदरात तोंड लपवून होती. तिघींचेही काही निघाले नाही. परत येताना काका नेहमीप्रमाणे बांधाशी गाडी थांबवून ऊस बघायला उतरले, आणि बऱ्याच वेळाने परत आले. कोणी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात हा विषय बोलायला कोणाची चोरी राहिलेली नाही.

आपल्याही घरात ती राहू नये, एवढीच विनंती करून ही लेखणी थांबवतो.